रीस्टार्ट केलं की बरं होतं, मग पुन्हा तेच

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. पायथनमधला प्रोग्राम सकाळी सुरू केला की शहाण्यासारखा वागतो. दुपारी कधीतरी एकाच्या पावतीत दुसऱ्याचं काहीतरी उतरतं. बंद करून चालू केला की गायब. एरर येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर कितीही डोकं आपटलं तरी तसं होत नाही.

आमच्याकडे हे बडोद्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला एका फराळाच्या दुकानात झालं. दुकान काकूंचं. काकू सख्ख्या नव्हेत, पण त्यांची चकली मी शाळेपासून खातोय, त्यामुळे ऑर्डर आणि पावत्यांचा प्रोग्राम फुकटात लिहून दिला होता. फ्लास्कवर (पायथनमध्ये वेबवरचे प्रोग्राम बनवायचं साधन), भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर, आणि तो तिथे चालवणाऱ्या गनिकॉर्नचे २ वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या २ प्रती. म्हणजे पुढे जे काही सांगतोय त्यात दोष माझाच, दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही.

नवरात्रात काकूंचा फोन आला. “अरे, रावपुऱ्याच्या वहिनींनी पावशेर शंकरपाळे नेले, आणि पावतीवर भेट चिवड्याच्या तीन पुड्या! त्या हसत हसत तिन्ही मागतायत. काय देऊ?”

१००० रुपयांवरच्या ऑर्डरीला लीलो चेवडो या गुजराती चिवड्याची एक पुडी भेट, अशी काकूंची योजना होती. पावशेर शंकरपाळ्यांना एकसुद्धा पुडी लागू नव्हती. मी विचारात पडलो तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा मागून ओरडला, “भाई, बंध करीने चालू करी दो ने, थई जशे!” केलं. झालं. पुढची पावती अगदी बरोबर.

तिथेच फसलो. उपाय चालला म्हणून मी कारण शोधलंच नाही. उलट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हरची सोय) रोज ३ वाजता रीस्टार्ट टाकला आणि गनिकॉर्नला मॅक्स रिक्वेस्ट्सची मर्यादा २०० देऊन ठेवली, म्हणजे दर २०० विनंत्यांनंतर वर्कर आपोआप नवा होणार. ही सोय मेमरी गळतीचं नुकसान आटोक्यात ठेवायला दिलेली आहे. मी ती चूक झाकायला वापरली. चूक दिवसातून पाचदा दिसायची ती एकदा दिसायला लागली, आणि त्यामुळे शोधायला पाचपट अवघड झाली.

आता कोड बघा. कीवर्ड उच्चाराप्रमाणे आणि आकडे देवनागरीत लिहिलेत, एडिटरमध्ये दोन्ही अर्थातच नेहमीच्या लिपीत लागतील. (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. कोडमध्ये थेट आकडा देवनागरीत लिहिला तर चालत नाही, पण “१०००” ही स्ट्रिंग इंट या फंक्शनला दिली तर तो मुकाट्याने आकडा करून देतो. गुजराती आकडेही पचवतो. आमच्या काउंटरवर याचा फार उपयोग झाला.)

डेफ डबा_भर(गिऱ्हाईक, रक्कम, जादा=[]):
    इफ रक्कम >= १०००:
        जादा.अपेंड("भेट चिवडा")
    रिटर्न पावती(गिऱ्हाईक, रक्कम, जादा)

चार ओळी. वाचताना वाटतं, जादा काही दिलं नाही तर रिकामी यादी घे. मलाही तसंच वाटलं होतं, कारण मी जावास्क्रिप्टवरून आलेला. तिथे २०१५ च्या आवृत्तीपासून डिफॉल्ट किमती आहेत आणि त्या प्रत्येक कॉलला नव्याने काढल्या जातात. रूबीतही तसंच. पायथनमध्ये तसं नाही. तिथे फंक्शन बनवणारी डेफ ही स्वतः एक चालणारी आज्ञा आहे. फाइल लोड होताना ती एकदा चालते, तेव्हाच चौकटी कंसातली ती रिकामी यादी तयार होते, आणि फंक्शनच्या खिशात जाऊन बसते. पुढे दिवसभर ज्या ज्या कॉलमध्ये जादा दिलेलं नाही, त्या सगळ्यांना तीच एक यादी मिळते. सारखी नव्हे, तीच.

म्हणजे सकाळी कुणी १४०० रुपयांची ऑर्डर दिली, जादा काही सांगितलं नाही, की त्या यादीत एक पुडी पडली. नंतर शंकरपाळेवाल्या वहिनी आल्या, त्यांनाही तीच यादी, पुडी आत तयारच. मध्ये आणखी दोन मोठ्या ऑर्डरी झाल्या असतील तर तीन पुड्या. रीस्टार्ट केला की फाइल पुन्हा लोड, डेफ पुन्हा चालतो, यादी पुन्हा कोरी. मुलाचं “थई जशे” शंभर टक्के खरं होतं.

खात्री करायची असेल तर तर्क लढवत बसू नका, फंक्शनचा खिसाच उलटा करून बघा. पायथनच्या कन्सोलवर:

>>> डबा_भर.__डिफॉल्ट्स__
([],)
>>> डबा_भर("अ", १४००)
>>> डबा_भर.__डिफॉल्ट्स__
(['भेट चिवडा'],)

दुसऱ्या उत्तरात कंस भरलेला दिसला की तपास संपला. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर काकूंच्या किलोभर चिवड्याची बचत झाली असती.

हे लॅपटॉपवर का दिसत नव्हतं, ते वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. फ्लास्क डीबगमध्ये चालवला की फाइल सेव्ह केली रे केली की सर्व्हर स्वतःहून नव्याने सुरू होतो. चूक शोधायला मी दर दोन मिनिटांनी काहीतरी बदलून सेव्ह करत होतो, म्हणजे दर दोन मिनिटांनी यादी कोरी करत होतो. शिवाय तपासताना एकच ऑर्डर टाकायची, बघायची, सेव्ह करायची. दोन गिऱ्हाइकं एकामागे एक आलीच नाहीत कधी.

दुकानातही दर वेळी का होत नव्हतं? २ वर्कर म्हणजे २ वेगळ्या प्रोसेस, दोघांची मेमरी वेगळी, आणि दोघांच्या खिशात आपापली यादी. मोठी ऑर्डर एकाकडे गेली आणि वहिनींची दुसऱ्याकडे, तर पावती बरोबर. म्हणून ते “कधी कधी होतं” असं वाटायचं. यावर साधी चाचणी आहे: वर्कर तात्पुरता १ करा. आधी लहरी वाटणारी चूक आता ठरलेल्या क्रमाने यायला लागली, तर दोष प्रोसेसच्या मेमरीत साठतोय हे नक्की. ते जमत नसेल तर प्रत्येक पावतीच्या लॉगमध्ये प्रोसेसचा क्रमांक छापा, आणि चुकलेल्या पावतीवरून त्याच क्रमांकाच्या आधीच्या पावत्या मागे मागे वाचत जा. वेळेनुसार मागे जाऊन उपयोग नाही, कारण दोन प्रोसेसचं दळण त्यात मिसळलेलं असतं.

दुरुस्तीचा नेहमीचा सल्ला म्हणजे डिफॉल्ट नन (पायथनचं ‘काहीच नाही’) ठेवा आणि आत तपासा. बरोबर आहे, पण तो घाईत कसा लिहिला जातो ते बघा:

जादा = जादा ऑर []

इथे नवीन गोची. बोलावणाऱ्याने मुद्दाम स्वतःची रिकामी यादी दिली असेल, तर रिकामी यादी पायथनला ‘खोटी’ वाटते, म्हणून ती बाजूला ठेवून हा नवीन यादी घेतो. बोलावणारा आपली यादी भरायची वाट बघत बसतो. तपास ‘इज नन’ असाच हवा.

पण माझ्या मते ननचा रस्ताही इथे अर्धवटच. खरा घोळ असा होता की हे फंक्शन दुसऱ्याच्या हातातल्या यादीवर लिहीत होतं. फोनवरच्या ऑर्डरीत आम्ही गिऱ्हाइकाची नेहमीची जादा यादी आत पाठवायचो. डिफॉल्ट ननवर नेल्यावर दोन दिवसांनी कळलं की मोठ्या ऑर्डरीनंतर ‘भेट चिवडा’ हा गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या यादीतच जाऊन बसतोय. रोग तोच, फक्त खिसा बदलला. शेवटी हे असं लिहिलं:

डेफ भेटी(रक्कम):
    रिटर्न ("भेट चिवडा",) इफ रक्कम >= १००० एल्स ()

डेफ डबा_भर(गिऱ्हाईक, रक्कम, जादा=()):
    रिटर्न पावती(गिऱ्हाईक, रक्कम, (*जादा, *भेटी(रक्कम)))

डिफॉल्ट आता रिकामा टपल (गोल कंसातली, न बदलणारी यादी) आहे. तोही फंक्शनच्या खिशात एकदाच बनून बसतो, पण त्यात कुणाला काही घालताच येत नाही, त्यामुळे बसला तर बसला. आत आलेल्या यादीला कुणी हात लावत नाही, दरवेळी नवीन टपल तयार होऊन पावतीकडे जातो. भेट कधी द्यायची हा काकूंचा नियम वेगळ्या फंक्शनमध्ये गेला, त्यामुळे दिवाळीत त्यांनी मर्यादा १५०० केली तेव्हा एकच आकडा बदलावा लागला. टाइप हिंट (किंमत कोणत्या प्रकारची ते सांगणारी खूण) देत असाल तर इथे लिस्ट न लिहिता सीक्वेन्स लिहा. मग उद्या कुणी आत अपेंड लिहिलं तर त्या खुणा तपासणारा मायपाय तिथल्या तिथे कान पकडतो, कारण सीक्वेन्सला अपेंड नाहीच.

आता तारखेची गोष्ट. ती जास्त छळवादी होती. काकू पहाटे पाचला पुरणपोळीच्या ऑर्डरींच्या पावत्या काढतात, आणि त्यावर आदल्या दिवसाची तारीख यायची. साडेआठनंतरच्या पावत्या बरोबर. मी म्हटलं, टाइमझोन. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, आपण ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणजे पहाटे तिथे अजून कालचाच दिवस. समजूत पटण्यासारखी होती. पण हिशोब करा: निव्वळ टाइमझोनची चूक असेल तर ती आपल्या ५:३० ला संपायला हवी, कारण तेव्हा यूटीसीत मध्यरात्र होते. आमची संपत होती ८:३० ला. मधल्या तीन तासांचं काय?

उत्तर क्रॉनमध्ये होतं. मी लिहिलेला ३ वाजताचा रीस्टार्ट म्हणजे सर्व्हरच्या घड्याळातले ३, आपले सकाळचे साडेआठ! (ऐन गर्दीत रोज दोन-चार सेकंद पावती अडकायची, ती का, हेही त्याच दिवशी कळलं.) आणि पावतीचं फंक्शन असं होतं:

डेफ पावती(गिऱ्हाईक, रक्कम, जादा, तारीख=डेट.टुडे()):

पुन्हा तेच. आजची तारीख विचारली जायची ती फाइल लोड होताना, एकदाच, आणि पुढचा रीस्टार्ट होईपर्यंत दुकानात तोच दिवस. रोजच्या रीस्टार्टने ही चूक वर्षभर जवळजवळ झाकून ठेवली होती. मॅक्स रिक्वेस्ट्समुळे गर्दीच्या दिवशी एखादा वर्कर मध्येच नवा व्हायचा, मग एका वर्करची तारीख आजची आणि दुसऱ्याची कालची, एकाच तासात. यादीपेक्षा हे वाईट, कारण चिवड्याची पुडी गिऱ्हाईक तरी दाखवतं, तारखेकडे कुणी बघत नाही. बघतो तो हिशेबनीस, महिनाअखेरीला.

तर तुमच्याकडे तारीख चुकत असेल तर आधी घड्याळ लावून बघा की चूक किती वाजता थांबते. ५:३० ला थांबली तर टाइमझोन. रीस्टार्टच्या वेळी थांबली तर डिफॉल्टमध्ये गोठलेली तारीख. आमच्याकडे दोन्ही होत्या, एकीखाली एक. गोठलेली तारीख काढली तेव्हा चूक ८:३० वरून ५:३० वर आली, आणि काकूंना वाटलं मी काहीच केलं नाही, कारण त्यांच्या पावत्या पाचच्याच. दुसरी चूक काढायला झोनइन्फो हे टाइमझोनचं मॉड्यूल वापरलं, ते पायथन ३.९ पासून सोबतच येतं. त्याला ‘एशिया/कोलकाता’ देऊन फंक्शनच्या आत, कॉलच्या वेळी तारीख काढायची. विंडोजवर चालवत असाल तर टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं घालावं लागतं, नाहीतर तो झोनच सापडत नाही. आणि तारीख बाहेरून द्यायची सोय ठेवाच, टेस्ट लिहिताना ती लागते. इथे मात्र डिफॉल्ट नन आणि आत ‘इज नन’ हाच मार्ग बरा, टपलची युक्ती तारखेला कामाची नाही.

एवढं झाल्यावर सगळ्या फायली चाळल्या. याच जातीची आणखी पिल्लं सापडली. क्लासच्या अंगणात, इनिटच्या (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर लिहिलेली रिकामी यादी: ती सगळ्या ऑब्जेक्टची सामाईक. आठवड्याच्या वारांसाठी डिक्ट.फ्रॉमकीज(वार, []): सातही वारांना एकच यादी, सोमवारी टाकलेली ऑर्डर रविवारीही दिसते. ही मी स्वतः मोठ्या हुशारीने लिहिली होती. आणि तिसरी, एलआरयू कॅशे (एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवून पुन्हा तेच देणारी सोय) लावलेलं भावपत्रकाचं फंक्शन, जे यादी परत द्यायचं. एका ठिकाणी त्या यादीतून संपलेले जिन्नस पॉप करून काढले जात होते, म्हणजे कॅशेतलीच यादी कुरतडली जात होती. संध्याकाळी करंजी संपली की दुसऱ्या दिवशी ताजी आली तरी पत्रकात नाही, रीस्टार्ट होईपर्यंत. तिथे परत देताना टपल केला, मिटलं.

डेटाक्लास (माहिती साठवणारे क्लास थोडक्यात लिहायची सोय) वापरणाऱ्यांना यातलं एक दुखणं आपोआप टळतं. ३.७ मध्ये, म्हणजे २०१८ साली, डेटाक्लास आले तेव्हापासून फील्डला रिकामी यादी डिफॉल्ट दिली की ते व्हॅल्यूएरर देऊन थांबतात आणि डिफॉल्ट फॅक्टरी, म्हणजे दरवेळी नवी किंमत बनवून देणारं फंक्शन, वापरायला सांगतात. साध्या फंक्शनला मात्र भाषा असं काही म्हणत नाही, जुना कोड मोडेल म्हणून म्हणणारही नाही. शिवाय एकदाच काढली जाणारी किंमत काही वेळा मुद्दाम हवी असते. लूपमध्ये लॅम्बडा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिताना आय=आय असं डिफॉल्ट देऊन त्या क्षणाची किंमत पकडून ठेवतात, ते याच गुणावर चालतं.

डोळ्यांवर विसंबू नका, लिंटर (कोड न चालवता चुका दाखवणारं साधन) लावा. पायलिंट हे स्वतःहून सांगतो, त्याचा इशारा ‘डेंजरस डिफॉल्ट व्हॅल्यू’ या नावाने येतो. रफ हा दुसरा लिंटर वापरत असाल तर गंमत अशी की तो बसवला म्हणजे झालं असं नाही: बदलत्या डिफॉल्टचा नियम बी००६ आणि डिफॉल्टमध्ये फंक्शन बोलावण्याचा बी००८, दोन्ही बी गटात आहेत आणि तो गट मुळात बंद असतो. सेटिंगमध्ये निवडावा लागतो. आमच्याकडे रफ पहिल्या दिवसापासून होता, हिरवा टिळा लावून बसलेला. बी गट चालू केला तेव्हा एका झटक्यात ७ ओळी लाल झाल्या.

टेस्टही तशाच आंधळ्या होत्या. प्रत्येक टेस्ट फंक्शनला एकदाच बोलावायची. आता डबा_भरची टेस्ट आधी १४०० ची ऑर्डर टाकते, मग ९० ची, आणि दुसरीत भेट नाही ना ते बघते. टेस्ट चालवणारा पायटेस्ट सगळ्या टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये, फाइलीतल्या क्रमाने चालवतो, म्हणून एखादी टेस्ट एकटी चालवली तर पास आणि सगळ्यांबरोबर नापास झाली, किंवा उलट, तर तिला दोष देऊन बाजूला ठेवू नका. तिच्या आधी कोण चाललं ते बघा. क्रम दरवेळी पिसून देणारं पायटेस्ट-रँडमली हे प्लगइन आहे. लावल्यावर पहिल्याच दिवशी भावपत्रकाचा तो कॅशे त्यानेच पकडून दिला.

शेवटी क्रॉनमधली ओळ काढली, मॅक्स रिक्वेस्ट्स काढलं, आणि वर्कर दोनच ठेवून प्रोग्राम मुद्दाम बंद न करता धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत चालू ठेवला. रोज रात्री लॉगमधून भेट चिवड्याच्या ओळी आणि मर्यादेच्या वरच्या पावत्या मोजायचो. चार दिवस आकडे जुळले. पाचव्या दिवशी एक पुडी जास्त निघाली, पोटात गोळा आला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “ती मीच हाताने टाकली रे. रावपुऱ्याच्या वहिनी आल्या होत्या.”